एका संध्याकाळचा मेजर

सकाळी मैदानावर कर्नलसाहेबांचा ‘सा’ ऐकू आला आणि रांगेतले लोक ताठ व्हायच्या तयारीला लागले. ‘सा’ बराच वेळ चालला. मग ‘व’ आला. ‘व’ चालू असताना मागच्या रांगेतल्या एकाने बुटाची नाडी बांधून घेतली, दुसऱ्याने नाक पुसलं. ‘धा’ आला तशा छात्या पुढे आल्या, आणि ‘न’ संपता संपता सगळ्यांच्या टाचा एकदम वाजल्या. एका ‘सावधान’ला पाऊण मिनिट लागलं.

“आज साहेब घाईत दिसतात,” रांगेपुढे उभे असलेले कॅप्टन हणमंत शितोळे ओठ न हलवता म्हणाले.

“चहा मिळाला नसेल, सर,” शेजारच्या कॅप्टनने तसंच उत्तर दिलं.

ही कॅप्टन म्हणजे त्यांची मुलगी रेणुका. मैदानावर ती त्यांना सर म्हणायची आणि घरी बाबा. दोघांच्या खांद्यांवर सारखेच तीन तारे होते. तिचे वर्षाचे होते, त्यांचे सव्वीस वर्षांचे.

ही फलटण पृथ्वीपासून फार दूर, एका कृष्णविवराभोवती तैनात होती. कृष्णविवर म्हणजे मेलेल्या प्रचंड ताऱ्याचा असा गोळा, की त्याच्या ओढीतून उजेडसुद्धा सुटत नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी कुणाला तरी तिथे काहीतरी चमकल्यासारखं वाटलं होतं. काय चमकलं ते कळलं नाही, पण पहारा बसला, आणि एकदा बसलेला पहारा उठवायची जबाबदारी कोण घेणार? पहाऱ्याची ठाणी दोन. विवरापासून लांब, सावध अंतरावरून फिरणारं ठाणं म्हणजे काठ. तिथे सगळे कॅप्टन, लेफ्टनंट आणि शिपाई राहायचे. विवराच्या अगदी जवळून गरगरत फिरणारं ठाणं म्हणजे डोह. तिथे मुख्यालय होतं. कर्नल धैर्यशील निंबाळकर, त्यांच्या हाताखाली एक मेजर आणि कचेरीतले चार-सहा लोक.

आता जिथे ओढ जास्त, तिथे काळ सावकाश चालतो. हा निसर्गाचा नियम आहे, फलटणीचा नव्हे. डोहात एक तास जायचा तेव्हा काठावर पुरता एक दिवस गेलेला असायचा. कर्नलसाहेब रोज सकाळी चहा झाला की डोहातून परेड घ्यायचे. त्यांचं ‘रोज’ काठावर चोवीस दिवसांनी यायचं. त्यांचा आवाज वर पोचेपर्यंत इतका ताणला जायचा, की एरवी तो कानाला लागलाच नसता. म्हणून यंत्र त्याची पट्टी तेवढी चढवायचं. लांबी कमी करणंही यंत्राला जमलं असतं, पण कमांडरचा शब्द कुणी कापायचा नाही असा हुकूम होता. स्वातंत्र्यदिनाचं दहा मिनिटांचं भाषण काठावर चार तास चालायचं. लोक ते पाळ्या लावून ऐकायचे.

मुख्यालय डोहात ठेवण्यामागे विचार होता. पहारा लांबचा, आणि अधिकारी बदलला की धोरण बदलतं. कमांडरला डोहात ठेवलं की पिढ्या गेल्या तरी कमांडर तोच राहतो. सरकारी भाषेत याला ‘स्थिर नेतृत्व’ म्हणत. योजना आखणाऱ्यांनी सगळा विचार केला होता, फक्त नेतृत्वाच्या हाताखाली कोण असेल त्याचा करायचा राहिला.

कारण बढती मिळायची ती डोहातून. काठावरच्या प्रत्येक अधिकाऱ्याचा वार्षिक गोपनीय अहवाल मेजर तयार करायचा आणि कर्नलसाहेब त्यावर शेरा मारायचे. काठावरचं वर्ष डोहात पंधरा दिवसांत संपायचं. दर पंधरवड्याला शितोळ्यांचा नवा अहवाल टेबलावर आला की कर्नलसाहेबांना वाटायचं, अरे, ह्या माणसाचा तर परवाच पाहिला. मग ते लिहायचे, ‘अधिकारी बरा वाटतो. ओळख नवी आहे. आणखी थोडे दिवस पाहावे.’ असे पंचवीस शेरे शितोळ्यांच्या नावावर जमले होते. अक्षर तेच, आणि शाईही बहुधा त्याच बाटलीतली.

सव्वीस वर्षांपूर्वी मेजरची जागा निघाली होती, तेव्हा नावं दोन होती. एक शितोळे, आणि दुसरा त्यांच्याच तुकडीतून त्याच दिवशी अधिकारी झालेला जयसिंग पायगुडे. शितोळ्यांच्या बायकोला, कुमुदला, तेव्हा सातवा महिना होता. “मला पुढच्या फेरीला पाठवा,” शितोळे म्हणाले. पायगुडे पाळण्यात बसून गेला. पाळणा म्हणजे काठ आणि डोह यांच्यात ये-जा करणारं छोटं यान. पुढची फेरी आली नाही. मेजरच्या जागेची मुदत तीन वर्षं, आणि ती मोजायची डोहाच्या घड्याळाने.

मेजर झालेल्या माणसाच्या खांद्यावरचे तारे उतरवून सिंह लावतात, तेव्हा एका खांद्यावर कमांडर लावतो आणि दुसऱ्यावर घरचं माणूस. कुमुदने त्या दिवसासाठी एक निळी साडी घडी न मोडता ठेवली होती. चार वर्षांपूर्वी ती गेली. घडी मोडायची राहूनच गेली.

त्या परेडनंतर आठवड्याने पायगुडे रजेवर वर आला. तेरा महिने त्याने रजा घेतलीच नव्हती; हातातलं काम उरकू आणि जाऊ, असं म्हणता म्हणता राहून गेलं होतं. पाळण्यातून उतरून तो थेट कॅप्टनांच्या खोलीत शिरला. दारातच शितोळे चष्मा पुसत उभे होते.

“काका, कॅप्टन शितोळे कुठे भेटतील?”

“बोला.”

“तुम्ही नव्हे हो. हणमंत शितोळे. माझ्या वयाचा आहे.”

“जयसिंग,” शितोळे म्हणाले, “होतो रे तुझ्या वयाचा.”

पायगुडे मिळेल त्या खुर्चीवर बसला. त्याच्या मिशीत एकही केस पांढरा नव्हता.

“पण मला तर तेरा महिनेच झाले, हणम्या. मला ठाऊक होतं रे सगळं, आकड्यात. पण आकड्याचे केस पिकत नाहीत ना! तुझा अहवाल समोर आला की वाटायचं, आत्ता तर गेला मागचा. काय बिघडतंय?”

“काही बिघडलं नाही. गुडघे तेवढे गेले. चहा घेणार?”

पायगुड्याने चहा घेतला. शितोळ्यांच्या हाताकडे तो सारखा बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा कळवला आणि पृथ्वीकडे निघालेल्या जहाजात जागा मिळवली. निघताना त्याचे हात नकळत शितोळ्यांच्या पायांकडे गेले. मध्येच सावरून त्याने सलाम ठोकला.

मेजरची खुर्ची रिकामी झाली. ज्येष्ठतेने पहिला हक्क शितोळ्यांचा. त्यांच्यामागे, परीक्षांमध्ये वरचे गुण मिळवल्यामुळे, रेणुकाचा. तिच्यामागे आणखी अठरा कॅप्टन होते आणि त्यांतले दोन आजोबा झाले होते.

बापलेक मिळून डॉक्टर झुबेदा मुकादम यांच्याकडे गेले. या बाई मूळच्या रत्नागिरीकडच्या, शिक्षणाने शास्त्रज्ञ. काठाचा काळ आणि डोहाचा काळ यांचा मेळ घालणं हे त्यांचं काम. त्यांच्या खोलीत भिंतभर घड्याळं होती, त्यांतली निम्मी बंद पडल्यासारखी दिसत. ती डोहाची वेळ दाखवत.

“बाई, एकदा नीट सांगा,” शितोळे म्हणाले. “इतकी वर्षं ऐकतोय, डोक्यात शिरत नाही. डोहात घड्याळ हळू चालतं म्हणजे ते बिघडतं का?”

“बिघडलं असतं तर मी दुरुस्त केलं नसतं? शितोळेसाहेब, तिथे सगळंच हळू चालतं. घड्याळ, मनगट, मनगटातली नाडी, दाढी, पचन, विचार. सगळं एकाच चालीने. म्हणून तिथल्या माणसाला आपण हळू झालो असं वाटतच नाही. त्याला आपणच वेडे वाटतो. मुंगळ्यांसारखे इकडून तिकडे पळणारे.”

“म्हणजे कर्नलसाहेब आळशी नाहीत?”

“ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही.”

रेणू हसली. बाई हसल्या नाहीत.

“आता तुमच्या गोष्टीकडे या. तुम्ही गेलात तर खुर्ची तीन वर्षं तुमची. इथे तेवढ्यात बहात्तर वर्षं होतील. रेणू आज पंचवीस वर्षांची आहे. तिचा नंबर लागेल तेव्हा सत्याण्णव.”

“तोवर माझीही ओळख जुनी होईल,” रेणू म्हणाली.

“तोवर तू चोपन्नाव्या वर्षी कॅप्टन म्हणूनच घरी बसलेली असशील. आणि साहेब, तुम्ही अधूनमधून रजेवर वर याल तेव्हा दर खेपेला पोरगी आणखी म्हातारी दिसेल. मग एका खेपेला दिसणार नाही.”

“बाई, मी काय राक्षस आहे?” शितोळ्यांचा आवाज चढला. “मी नकार देतो. जाऊ दे तिला. मला दोन वर्षांत निवृत्त व्हायचंच आहे.”

“नाही बाबा,” रेणू म्हणाली. “तुम्ही तारे लावून घरी बसलात तर मला तिथे घास गोड लागायचा नाही. आईला काय वाटलं असतं? सिंह तुम्ही लावायचाच.”

“आणि तुझं काय?”

“मला खाली जायचंय. खोटं कशाला बोलू? मला पांढऱ्या केसांची कॅप्टन नाही व्हायचं. मी गेले तर पहिल्या महिन्यात त्या अठरा जणांचे अहवाल मार्गी लावते. साहेबांच्या हाताला धरून सही घेईन. आणि दर महिन्याला रजेवर येईन. इथे दोन वर्षांनी एकदा होईल, पण येईन. सासरी गेलेल्या मुली तरी याहून जास्त कुठे येतात?”

बाईंनी टेबलावरची नियमांची चोपडी चाळून मिटली.

“दोन्ही जमेल,” त्या म्हणाल्या. “डोहात रात्री दहाला बिगूल होतो. बिगूल होताना खुर्ची ज्याच्या नावावर, तीन वर्षं त्याच्या नावावर. सिंह लावायचा समारंभ संध्याकाळी सातला असतो. म्हणजे सात ते दहा तुम्ही मेजर, पण अजून बांधलेले नाहीत. समारंभ झाला की कर्नलसाहेबांना तोंडी सांगायचं, ‘जागा सोडतो.’ तोंडी चालतं. सिंह तुमचा तुमच्यापाशी राहतो, खुर्ची मोकळी होते, तुम्ही पाळण्यात बसून वर यायचं आणि रेणूने खाली जायचं.”

“एका संध्याकाळचा मेजर,” शितोळे म्हणाले. त्यांना ते आवडल्यासारखं दिसलं.

“साडेसातपर्यंत सांगून मोकळे व्हा.”

पाळण्याच्या धक्क्यावर रेणूने त्यांची कॉलर नीट केली. “बाबा, राहून नाही ना जाणार?”

“पोरी, सव्वीस वर्षं थांबलेला माणूस आहे मी. अडीच तासांत काय राहून जातंय!”

डोहात उतरल्यावर शितोळ्यांना पहिला धक्का बसला तो आवाजाचा. कर्नलसाहेब समोर उभे राहून “सावधान!” म्हणाले आणि तो शब्द एका दमात आला. शितोळ्यांच्या टाचा सवयीने जुळल्या त्या पाऊण मिनिटाने. सगळे थांबून राहिले.

“शितोळे!” कर्नलसाहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. पन्नाशीचा, गोरा, मायाळू माणूस. “तुमचा अहवाल परवाच पाहिला मी. केस लवकर पिकले हो तुमचे. पाणी बदललं की होतं असं.”

त्यांनी उजव्या खांद्यावरचे तारे उतरवून सिंह लावला. “घरचं कुणी?”

“मुलगी आहे, सर. वर.”

“मग हाही मीच लावतो.”

डाव्या खांद्यावर सिंह बसला तेव्हा शितोळ्यांनी मान वळवून तो एकदा बघून घेतला. मग ते म्हणाले, “सर, एक सांगायचं होतं—”

“जेवता जेवता सांगा,” म्हणत कर्नलसाहेबांनी त्यांना दंडाला धरून मेसमध्ये नेलंसुद्धा.

इथे मुकादमबाईंचा हिशेब चुकला, कारण बाई कधी फलटणीच्या मेसमध्ये जेवल्या नव्हत्या. मेसच्या उंबऱ्याच्या आत नोकरीचा विषय काढायचा नाही, आणि सर्वांत मोठा अधिकारी उठल्याशिवाय कुणी पानावरून उठायचं नाही. हे दोन नियम कुठे लिहिलेले नाहीत, म्हणूनच ते कुणी मोडत नाही. दुसरा कुणी असता तर खुर्ची सरकवून उभा राहिला असता आणि बोलून मोकळा झाला असता. शितोळे अधिकारी होते.

सार आलं. कर्नलसाहेबांनी आपल्या जुन्या घोडीची गोष्ट सुरू केली. घोडीचं नाव शेवंता. शितोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. साराची वाटी संपेपर्यंत वर सकाळची दुपार झाली असणार. पुलाव येईपर्यंत रात्र. शेवंता अजून विकतही घेतलेली नव्हती.

“सर,” शितोळे धीर करून म्हणाले, “वर माझी मुलगी वाट बघतेय.”

“वा! घरचा विषय, चालेल. लग्न झालं का तिचं?”

“नाही सर. ती कॅप्टन आहे, आणि तिला—”

“अंहं.” कर्नलसाहेबांनी बोट वर केलं. “कॅप्टन म्हणालात की ती कचेरीची झाली. उद्या.”

टेबलाभोवतीचे कचेरीतले लोक हसले. शितोळेही हसले. मग मटण आलं, भाकरी आल्या, आणि शेवंता एका चिखलात रुतली.

चिखलातून ती निघेपर्यंत शितोळ्यांच्या ध्यानात आलं, की आपण घड्याळाकडे बघायचं विसरलो. त्यांच्या खुर्चीला हात होते. गुडघे दुखत नव्हते. वाढपी वाकून विचारत होता, “मेजरसाहेब, रस्सा?” एक भाकरी खाऊन होईपर्यंत वर पहाऱ्याची पाळी बदलत होती, आणि ती बदलायला ते उठले नव्हते. कुणीतरी बदलली असणार. पाण्याची टाकी गळत होती, ती कुणीतरी बघितली असणार. दोन लेफ्टनंट रोज भांडायचे, ते कुणीतरी सोडवले असणार. सव्वीस वर्षांत प्रथमच त्यांचं काही अडलं नव्हतं आणि त्यांच्यावाचूनही कुणाचं काही अडलेलं दिसत नव्हतं. त्यांनी मटण पुन्हा घेतलं.

वाढप्याने एक निरोपाची चिठ्ठी आणून ताटाखाली पालथी सारली. जेवताना निरोप वाचायचा नसतो.

पावणेदहाला शेवंता शर्यत जिंकली आणि कर्नलसाहेब उठले. “बसा बसा, तुमचं चालू द्या. मला रात्री गोड चालत नाही.” ते उंबऱ्याबाहेर जाऊन बडीशेप चघळत उभे राहिले. त्यांची पाठ दारातून दिसत होती.

आता कसलीच आडकाठी नव्हती. उठायचं, सहा पावलं चालायची, दोन शब्द बोलायचे.

शितोळ्यांनी चिठ्ठी उलटी केली. ‘बाबा, सिंह कसा दिसतो? पाळणा येईल तेव्हा मी धक्क्यावरच असेन. रोज पाळी संपली की इथेच येऊन बसते. सामान बांधून झालंय. रेणू.’

त्यांनी ती दोनदा वाचली. पोर धक्क्यावर वाट बघतेय, याचं त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मग उजव्या खांद्यावरच्या सिंहावरून अंगठा फिरवला. वर निवृत्तीला दोन वर्षं उरली होती; इथल्या मापाने एक महिना. आणि इथे बसून राहिलं तर तीन वर्षं, अशीच, भरलेली, निवांत. त्यांच्या मनात काही कपट आलं नाही. पंचविशीतल्या माणसाकडे वेळच वेळ असतो, एवढंच त्यांना वाटलं. बाहेर कर्नलसाहेबांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि हसून मान हलवली.

घड्याळात दहाला पाच कमी होते. वाढपी वाटी घेऊन आला.

“साहेब, शेवयांची खीर. पण गार झालीय हो. गरम करून आणू? पाच मिनिटं थांबावं लागेल.”

मेजर शितोळे खुर्चीत मागे रेलले.

“थांबतो की,” ते म्हणाले.

खीर आली तेव्हा बिगूल वाजून गेला होता. खीर मात्र खरोखरच छान गरम होती.